ओच्याआडचे पिस्तूल

माझी पणजी बयाबाई ओच्यात विळा बाळगीत असे. आजी धोंडुबाई किल्ल्यांचा जुडगा बाळगी, आणि आई चिमणाबाई तपकिरीची चांदीची डबी. तिघींच्या ओच्यांत काय आहे ते साऱ्या गावाला ठाऊक होते. त्यांच्या पोटची मी चौथी बाई. मी ओच्यात सहा गोळ्यांचे पिस्तूल बाळगले, आणि ते तिथे आहे हे माझ्यावाचून व माझ्या मालकांवाचून कोणालाही कळू द्यायचे नाही अशी सरकारची अट होती. माझीही होती.

घरातल्या नातसुना आता पाचवारी नेसतात, म्हणून सांगून ठेवते. नऊवारीच्या निऱ्या कमरेशी खोवल्या की पोटापुढे कापडाची एक खोळ राहते. तिला ओचा म्हणतात. बाईचा तो खिसाच. त्यात पानसुपारी राहते, नाणे राहते, रडणाऱ्या पोराची समजूत घालायला गुळाचा खडा राहतो. सव्वा शेराचे लोखंड राहावे अशी मात्र त्याची घडण नाही.

पिस्तूल मालकांचे, माझ्या नवऱ्याचे. आमचे गुऱ्हाळ नदीकाठी होते आणि शाहूपुरीत गुळाची अडत होती, म्हणून दरबाराने बाळासो मालकांना फार पूर्वी परवाना दिला होता. सन अठ्ठेचाळीसच्या दिवाळीत त्यांच्या अंगावरून वारे गेले. जीव वाचला, वाचा वाचली, उजवा हात गेला. पुढच्या साली संस्थान विलीन झाले आणि जुने परवाने नव्या कचेरीत हजर करून नवे करून घेण्याचा हुकूम निघाला. मी मालकांना टांग्यात घालून कचेरीत घेऊन गेले.

खुर्चीवरचे साहेब पुण्याकडचे असावेत. त्यांनी मालकांचा लुळा हात पाहिला आणि कागद बाजूला सारला.

"हे चालवणार कोण?"

"मी," मी म्हणाले.

साहेब हसले. "बाई, हे लाटणे नव्हे."

"ठावं हाय मला. लाटण्याला परवाना लागत न्हाई."

कारकून खाली मान घालून खोकू लागला. साहेबांनी दोन महिने चौकशी केली, फौजदाराचा अभिप्राय मागवला, एकदा मला पोलिसांच्या मैदानावर नेऊन मडक्यावर बार काढायला लावला. सहांपैकी चार मडकी मी फोडली. तेव्हा कुठे माझ्या नावाचा कागद निघाला. देताना साहेबांनी अटी वाचून दाखवल्या. चारचौघांत दिसता कामा नये. जत्रेत, सभेत, लग्नकार्यात कोणाच्या नजरेस आले व तक्रार झाली तर परवाना रद्द होईल, वर खटला होईल. आणि दुसऱ्याच्या हाती द्यायचे नाही, पोटच्या मुलाच्याही नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे साहेबांनी विचारले तेव्हा मी गुऱ्हाळाचे नाव सांगितले. खरे कारण एक माणूस होता, आणि तो त्याच महिन्यात तुरुंगातून सुटणार होता.

ज्ञानू आमचा गुळव्या. गुळव्या म्हणजे कढईतल्या रसाचा पाक कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस. तो चुकला की शंभर मोळ्यांचा ऊस वाया. ज्ञानू कधी चुकला नाही. सन एक्केचाळीसच्या पौषात शेजारच्या मळ्यावर दरोडा पडला आणि राखणदाराचे डोके फुटले. आमचे मालक त्या वेळी बांधावरून परत येत होते. अंधारातून एक जण पळत त्यांच्या अंगावरून गेला. घरी आल्यावर, मी पाय धुवायला पाणी देत असताना, ते मला म्हणाले, "डोईवर घोंगडं हुतं. चाल मात्र ज्ञानूची वाटली." वाटली, असे म्हणाले. सकाळी फौजदारापुढे ते म्हणाले, "तोंड बघितलं." कोर्टातही तेच म्हणाले. एकदा चारचौघांत उच्चारलेला शब्द मागे घेणारा माणूस त्या घराण्यात जन्मलेला नव्हता. ज्ञानूला आठ वर्षे सक्तमजुरी झाली.

निकालानंतर चार दिवसांनी ज्ञानूची आई घरामागे, परड्याच्या दारात आली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकले नाही. "बाई," ती म्हणाली, "मालकांनी खरंच तोंड बघितलं काय वो? तुम्ही सांगाल ते मी मानीन. दुसऱ्या कुणाचं न्हाई मानायची."

मी म्हणाले, "बघितलं."

ती गेली. नवऱ्याच्या शब्दामागे उभे राहणे हा माझा धर्म, अशी मी त्या दिवशी मनाची समजूत घातली. त्यानंतर मालकांनी व मी त्या रात्रीविषयी एक अक्षर कधी काढले नाही.

ज्ञानू सुटला. दोन महिने त्याचा पत्ता नव्हता. आमच्या एकुलत्या एका मुलाचे, नृसिंहाचे लग्न जयसिंगपूरच्या एका गूळ व्यापाऱ्याच्या मुलीशी ठरले. मुलीचे नाव नंदिनी. मॅट्रिक झालेली. वैशाखातली तिथी धरली, लग्न आमच्या दारात करायचे ठरले, आणि सुपारी फुटली त्याच्या आठव्या दिवशी शेजारचा गुंडू सोप्यात, बाहेरच्या पडवीत, येऊन बसला.

"ज्ञानू भेटलता की शाहूपुरीत," तो म्हणाला. "वळखू येत न्हाई गडी. सगळा पांढरा झालाय."

मालकांनी विचारले, "काय म्हणाला?"

"मालकांना सांग म्हणाला, पोराच्या लग्नाला येतो म्हणावं."

"आन् काय?"

"काय न्हाई. तेवढंच. हसलाबी न्हाई, रागावलाबी न्हाई. मी चहा पी म्हणालो तर नको म्हणाला."

गुंडू गेल्यावर मालक बराच वेळ आपला लुळा हात डाव्या हाताने मांडीवर नीट ठेवीत बसले.

"फौजदाराला सांगू या," मी म्हणाले.

"काय सांगणार? सजा भोगून आलेला माणूस लग्नाला येतो म्हणतोय, असं?" मग ते म्हणाले, "चौकशी निघाली तर पयल्यापासनं निघंल."

मला जे समजायचे ते समजले. त्या दिवसापासून लग्नापर्यंत पिस्तूल माझ्या अंगावर राहील आणि ते कोणाला दिसणार नाही, असे मी ठरवले. दिसले तर परवाना जाईल. परवाना गेला तर ज्ञानू येईल त्या दिवशी माझा लुळा नवरा चारशे माणसांत उघडा पडेल. याखेरीज दुसरा विचार माझ्या डोक्यात महिनाभर नव्हता. दागिने, बस्ता, आमंत्रणे, सगळे मी केले, पण नुसत्या हातांनी केले.

पहिल्या दिवशी मी ते नुसते उजव्या कमरेशी खोवले. तिसऱ्या पावलाला गाठ ढिली झाली आणि लुगडे सावरीत मला भिंत धरावी लागली. दुसऱ्या दिवशी पाठीशी, काष्ट्याच्या वर ठेवून पाहिले. चालताना ठीक, पण भिंतीला टेकता येईना, आणि वेळेला हात तिथवर पोचेना. मग मालकांच्या घोड्याचा जुना तंग, खोगिराचा पोटपट्टा, मी अडगळीतून काढला. घोडा मरून दहा वर्षे झाली होती, चामडे अजून मऊ होते. तो कापून कमरेचा पट्टा केला, त्याला दुहेरी मांजरपाटाची पिशवी शिवली आणि लोखंडाचा आकार वर उमटू नये म्हणून पिशवीच्या तोंडावर घोंगडीचा तुकडा लावला. पट्टा लुगड्याच्या आत, पिशवी ओच्याच्या आड उजवीकडे, नळी मांडीलगत खाली. पिस्तुलाच्या घोड्यासमोरचे गोळीचे घर मी नेहमी रिकामे ठेवी. पाच काडतुसे पुरेत.

दुपारी घर निजले की मालक खाटेवर बसत आणि मी खोलीत येरझारा घाली. दाराला कडी.

"चाल जरा. हं. दिसतंय."

"कुठं?"

"उजवीकडं. गाठ आल्यावानी."

"आता?"

"आता न्हाई. वाक बरं. वाकलीस की मूठ वर येती बघ."

पट्टा दोन बोटे खाली घेतला. मी वाकले, बसले, उठले, ताट वाढल्याचे सोंग केले, जमिनीवर डोके टेकून नमस्कार केला. पातळ कापडात मूठ दिसे, रेशमात तर दिसेच दिसे. जाड काठाची इरकल नेसून पदर उजव्या बाजूने पुढे ओढला की काही दिसत नसे. किल्ल्या लोखंडावर वाजत, म्हणून त्या डाव्या कमरेला गेल्या. उन्हाळ्याचे दिवस, घामाने गंज धरायचा, म्हणून शिवणयंत्राच्या तेलाने मी रोज ते पुसून ठेवी.

सगळ्यांत अवघड गोष्ट लुगड्याची नव्हती, हाताची होती. हात आपोआप तिकडे जाई. आहे का, सरकले का, दिसते का. माझी थोरली नणंद आक्का लग्नासाठी येऊन राहिली होती. तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई आणि नजर त्याहून लांब.

"अगं, सारखा हात प्वाटाकडं कशापायी?" तिने माजघरात सगळ्यांदेखत विचारले. "दुखतंय काय?"

"वारा धरलाय जरा."

"मग बोलायचं न्हाई व्हय? ओवा खा."

त्या दिवसापासून लग्नापर्यंत मी सकाळ-संध्याकाळ आक्कासमोर उभी राहून ओवा चावून खाल्ला.

पहिली पत्रिका कुलदैवताला द्यायची, म्हणून आम्ही जोतिबाला गेलो. डोंगर चढताना पट्टा कातडीला घासत होता. गुलाल अंगावर पडत होता. देवळाच्या दाराशी आल्यावर माझे पाय थांबले. शस्त्र पोटाशी बांधून मी देवाच्या पायाशी कशी जाऊ? काढून कोणाजवळ देता येत नव्हते, कायद्याने नाही आणि भीतीनेही नाही. मी पत्रिका नृसिंहाच्या हाती दिली आणि बाहेरच्या पायरीवरून हात जोडले.

"वैनी, आत का न्हाई?" गुरवाने विचारले.

मी खाली पाहिले. आक्काने माझ्याकडे पाहिले, मग गुरवाकडे पाहिले, आणि समजूतदारपणे मान हलवली. उतरताना माझ्या कानाशी म्हणाली, "ह्या वयात अजून? बाई, बाई. सासू व्हायची वेळ आली आन्!" चार बायका पदराआड हसल्या. त्या दिवशी मी पहिल्यांदा देवाशी खोटे वागले असे मला वाटले, आणि लगेच दुसरा विचार आला की पहिल्यांदा नव्हे.

लग्नाच्या दिवशी जयसिंगपूरची मंडळी रेल्वेने उतरली. मांडव दारापासून रस्त्यापर्यंत घातला होता. मी दारात उभी राहून प्रत्येक पाहुण्याच्या तोंडाकडे पाहत होते आणि लोकांना वाटत होते की वरमाई मोठ्या अगत्याने स्वागत करते आहे. पांढऱ्या केसांचा माणूस दिसला की माझा हात पदराखाली जाई. त्या प्रांतात पांढऱ्या केसांची माणसे किती आहेत हे मला त्या दिवशी कळले.

"विहीणबाई," नंदिनीची मावशी मोठ्याने म्हणाली, "आमच्या पोरीच्या लग्नाला इरकल? शालू महागला व्हय कोल्हापुरात?"

"शालू तुमच्या पोरीच्या अंगावर घातलाय की. दोघींनी नेसला तर वळखायची कशी तुम्ही?"

हशा झाला, वेळ टळली. अक्षतांच्या वेळी बायकांची रेटारेटी झाली, कोणाचे तरी कोपर माझ्या उजव्या बाजूस लागले आणि ती बाई कळवळली. "अगं आई, काय हाय हे?"

"किल्ल्या."

"केवढ्या वो! वाड्याच्या की तुरुंगाच्या?"

मी हसले. माझ्या पाठीवरून घाम कमरेच्या पट्ट्यापर्यंत ओघळत गेला.

लग्न लागले. पंगती उठल्या. ज्ञानू आला नाही. चार वाजले, ऊन मांडवाच्या कडेला गेले, आणि मला वाटू लागले की तो येणार नाही. मालकही सकाळपासून पहिल्यांदा पान खाऊन कोणाशी तरी ऊसदराचे बोलत होते. इतक्यात व्याही हात जोडून समोर आले.

"चला, सोपवणी उरकून घेऊ. गाडीची वेळ हुईल. बसा विहीणबाई, पोर मांडीवर घालायची तुमच्या."

मी तिथेच उभी राहिले.

सोपवणी. मुलीची आई मुलीला हाताला धरून आणते आणि सासूच्या मांडीवर बसवते. मी स्वतः बारा वर्षांची असताना माझ्या सासूच्या मांडीवर बसले होते. आमच्याकडे हे झाल्यावाचून मुलीकडची मंडळी मांडवाबाहेर पडत नाहीत. महिनाभर मी चालले, वाकले, वाढले, नमस्कार केले; माझ्या मांडीवर कोणी बसले नव्हते. मला एकच मुलगा, मी पूर्वी कधी सासू झालेली नव्हते, आणि मांडी देणाऱ्या बाजूने तो विधी माझ्या मनातच आला नव्हता.

"आलेच, जरा आत जाऊन," मी म्हणाले. पट्टा सोडून पेटीत ठेवायला मला एवढाच वेळ हवा होता. मी वळले, आणि मांडवाच्या तोंडाशी ज्ञानू उभा होता.

तो खरोखरच सगळा पांढरा झाला होता. धुतलेला सदरा, डोईला धुतलेला पटका. उजवा हात खांद्यावरून घेतलेल्या उपरण्याखाली होता. तो आत येत नव्हता. नुसता उभा राहून मालकांना शोधत होता.

मी आत गेले असते तर मालक एकटे राहिले असते. मी पाटावर बसले. शेजारच्या पाटावर मालकांना बसवले. विहीणबाई रडत रडत नंदिनीला घेऊन आल्या. "आजवर आमची हुती," त्या म्हणाल्या, "आता तुमची. चुकली माकली तर पदरात घ्या," आणि त्यांनी मुलीला माझ्या मांडीवर बसवले.

शालूतली ती मुलगी बसली आणि दचकली. तिचे सारे वजन मुठीवर आले होते. मुंडावळ्यांच्या आडून तिने माझ्याकडे पाहिले. तो डोळा मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिला कळले. किल्ल्या नव्हेत, डबी नव्हे, हे तिला बसल्या क्षणी कळले. ती ओरडली असती तर सगळे तिथेच संपले असते. ती ओरडली नाही. तिची आई तोंडात साखर घालायला वाकली, तेव्हा तिने निमूट तोंड उघडले.

ज्ञानू चालू लागला होता. माणसे बाजूला होत होती. "ज्ञानू गुळव्या न्हवं ह्यो?" कोणी तरी म्हणाले, आणि ते नाव मांडवभर पसरत गेले. वाजंत्री थांबली. त्याचा हात अजून उपरण्याखालीच होता.

मी उजवा हात पदराखालून पिशवीकडे नेला. पिशवीच्या तोंडावर मुलगी बसलेली.

"सरक," मी ओठ न हलवता म्हणाले.

ती हलली नाही.

"पोरी, सरक जरा तिकडं."

"न्हाई सरकत, आत्याबाई." सासूला मारायची ती हाक मला पहिल्यांदाच मारून तिने आपला मेंदीचा हात पदराखाली माझ्या हातावर ठेवला आणि दाबला. "तुम्हाला काय पायजे ते कळलंय मला. म्हणूनच न्हाई सरकत."

माझ्या घरात माझा शब्द मोडणारे माणूस तोपर्यंत नव्हते. मी तिला उजव्या कोपराने रेटले. ती अधिकच जड झाली. बैल बसकण मारतो तशी ती बसली होती, आणि ज्ञानू माझ्या नवऱ्यापासून दोन हातांवर येऊन उभा राहिला.

त्याने उपरण्याखालून हात काढला. हातात काही नव्हते. त्याने दोन्ही हात जोडले.

"मालक, बोलावणं नव्हतं. सांगून आलोय."

मालकांनी मान वर केली. "काय पायजे, ज्ञानू?"

"तुम्ही कोर्टात सांगितलंसा, ज्ञानूचं तोंड बघितलं. आज हितं माणसं हाईत. आपल्यातली हाईत. त्यांच्याम्होरं तेच परत सांगा. ऐकतो आन् जातो."

एवढेच. शिवी नाही, आवाज चढलेला नाही. गुळाची कढई उतरवायची वेळ झाली की तो अशाच आवाजात सांगत असे. मला वाटले मालक सांगतील. चारशे माणसे होती, नवे व्याही होते, मुलाच्या कपाळावर मुंडावळ्या होत्या. आठ वर्षे जो शब्द सांभाळला तो आणखी एकदा उच्चारायला काय लागत होते?

मालकांनी डाव्या हाताने मांडवाचा खांब धरला आणि ते उठले. कोणी आधार द्यायला गेले, त्याला त्यांनी मानेने नको म्हटले.

"न्हाई बघितलं," ते म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जावे म्हणून पुन्हा म्हणाले, "तोंड न्हाई बघितलं मी. डोईवर घोंगडं हुतं. चाल बघितली, तुझ्यावानी वाटली. आन् तोंड बघितलं म्हणून सांगून बसलो. ज्ञानू गुन्हेगार न्हाई. मी हाय."

कोणी तरी "अरारारा" म्हणाले. व्याह्यांनी खाली पाहिले. आक्का, जिचा आवाज गल्लीच्या टोकाला जाई, तिने पदर तोंडात कोंबला. ज्ञानूचे डोळे मिटले होते. मग त्याने मालकांचा लुळा हात उचलला, कपाळाला लावला आणि परत सोडला.

झाले, असे मला वाटले. माझा हात पिशवीवरून सैल झाला. ज्ञानू वळला, आणि वळता वळता माझ्यापुढे थांबला.

"वैनी," तो म्हणाला, "माझी म्हातारी तुमच्या दारात आलती."

मी मान वर करून त्याच्याकडे पाहिले.

"तुरुंगात भेटाय आली तवा मी तिला म्हणालो, आई, मी न्हाई केलं. ती म्हणाली, बाळासोची बायको खोटं बोलायची न्हाई, तूच केलं असशील, कबूल कर, देव माफी दील. दर भेटीला तेच. मरायच्या आदल्या म्हैन्यातबी तेच. मालकांवर तिनं इस्वास न्हवता ठेवला, वैनी. तुमच्यावर ठेवलता."

माझ्या मांडीवर मुलगी होती, तिच्या आईने ती नुकतीच माझ्या ओटीत घातली होती, आणि मी कोणत्या मातीची बाई आहे हे ती अख्खी मंडळी कान देऊन ऐकत होती. मालकांनी आपला भाग फेडला होता. त्यांच्या आड मला आता लपता येत नव्हते. तसे मी आठ वर्षे लपले होते.

नंदिनी उठली. तिला कोणी उठवले नाही. तिने माझ्या हातावरचा हात काढला, मुंडावळ्या सावरल्या आणि माझ्या मांडीवरून उठून बाजूला उभी राहिली. माझा उजवा हात मोकळा झाला. तो मी पदराबाहेर काढला आणि पाटावर टेकून उठले.

बसल्याने पट्टा सरकला होता. ओचा एका बाजूला जड होऊन ओघळला होता आणि घोंगडीच्या तुकड्याखालून मुठीचे टोक इरकलीवर उमटले होते. मी ते पाहिले. महिनाभरात पहिल्यांदा माझा हात तिकडे गेला नाही. ज्याला दिसायचे त्याला दिसो, सरकारला द्यायचा तो जबाब मी देईन.

मी ज्ञानूसमोर जाऊन उभी राहिले. माझा आवाज घरात तीन खोल्यांपलीकडे ऐकू जातो. तो त्या दिवशी मांडवाबाहेर ऐकू जावा म्हणून मी बोलले.

"तुझ्या आईला मी खोटं सांगितलं. मला त्याच रात्री ठावं झालं हुतं की ह्यांनी तोंड बघितलं न्हाई. तिनं विचारलं, आन् मी जाणूनबुजून खोटं सांगितलं. तुझी आई माझ्यामुळं तुला गुन्हेगार समजून मेली. तू न्हवतास."

मग मी लुगड्याचा घोळ आवरून खाली वाकले आणि ज्या माणसाने माझ्या घरी मजुरी केली होती त्याच्या पायांवर, त्याच्या आईच्या नावाने, डोके ठेवले.

ज्ञानूने दोन्ही हातांनी मला धरून उठवले. तो रडत होता.

"फिटलं, वैनी," तो म्हणाला. "म्हातारीचंबी फिटलं."